उखळ, मुसळ आणि रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालेला माणूस जे प्रश्न विचारतो ते सगळे वजनमापाचे असतात. नळी किती लांब, वजन किती ग्रॅम, सदऱ्याखाली फुगवटा दिसतो का, चाप ओढायला जड जातो का. धर्माचा प्रश्न त्याला पडलाच, तर तो वेगळ्या कप्प्यात असतो: रात्री वसुलीची रोकड घेऊन जाताना कोणी वाट अडवली आणि आपण गोळी झाडली, तर ते पाप की कर्तव्य? पहिले प्रश्न दुकानदारासाठी, दुसरा जैन मुनींसाठी, महाराजसाहेबांसाठी. ही वाटणीच चुकीची आहे, असे मला म्हणायचे आहे. गोळी झाडायची वेळ आली की विचाराला फार तर दोन सेकंद मिळतात, आणि दोन सेकंदांत कोणी धर्मनिर्णय करत नाही. तो आधीच झालेला असतो. तो होतो काउंटरवर, नळीची लांबी निवडताना, आणि मग रोज सकाळी कमरेला होल्स्टर लावताना. म्हणून वजनमापाचे प्रश्न हेच धर्माचे प्रश्न आहेत.

प्रश्नाला पत्ता हवा म्हणून पुण्याचे मार्केट यार्ड घेऊ. गुलटेकडीच्या या आवारात गूळ-भुसाराच्या पेढ्या आहेत, फळ-भाजीपाल्याचे गाळे आहेत, फुलांचा बाजार आहे. अडते, तोलणार, हमाल, टेम्पोवाले आणि गावाकडून माल घेऊन आलेले शेतकरी अशी पहाटेपासून दाटी असते. भुसारातल्या पेढ्यांत गुजराती-मारवाडी जैन कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि पलीकडच्या गंगाधाम, बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क या भागांत चातुर्मासात प्रवचने भरतात. जिथे दिवसभर पैसा हातातून हातात जातो, तिथेच अहिंसा हे पहिले व्रत मानणारा गृहस्थ बसलेला असतो. भीती त्यालाही असते आणि ती खोटी नसते. अशा माणसाने परवाना काढून लहानसे रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगावे का, याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या परंपरेतून शोधायला हवे. सोयीसाठी मी श्रावकाचे, म्हणजे जैन गृहस्थाचे, उदाहरण धरतो. माळकऱ्याला हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत पडेल.

आधी वस्तू नीट पाहू. भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारी आखूड शस्त्रे मोजकी आहेत, त्यांत .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर सगळ्यांत ओळखीचे. कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ बाजारात आणले: टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, साधारण ५०० ग्रॅमचे, सहा गोळ्यांचे, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर ते स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे म्हणून पुढे केले गेले. इशापूरच्या रायफल कारखान्याचे .२२ चे ‘निडर’ त्याहून हलके, अडीचशे ग्रॅमचे. २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आले. ते सुमारे ७०० ग्रॅमचे, पल्ला ५० मीटर सांगितलेला. पहिल्या दोन नावांकडे पाहावे: भीतीपोटी घ्यायच्या वस्तूला निर्भयतेचे नाव. जैन आणि हिंदू दोन्ही परंपरांत अभय ही दुसऱ्याला द्यायची गोष्ट आहे, अभयदान. ती कमरेला लावायची वस्तू कधी झाली कोण जाणे.

लपवून बाळगायला जे रिव्हॉल्व्हर उत्तम, ते नेम धरायला वाईट, ही या वस्तूची अडचण आहे. हलके शस्त्र गोळी सुटताना हातात जास्त उसळते. नळी आखूड असली की नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर कमी होते, आणि हाताची किंचित चूक निशाण्यावर मोठी होऊन पोहोचते. घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप दाबून गोळी झाडायची तर बोटाला बराच जोर लावावा लागतो. त्या जोराने नळी हलते, म्हणून घेणारा ‘हलका चाप’ मागतो. पण बहुतेक रिव्हॉल्व्हरना पिस्तुलासारखा वेगळा सेफ्टी खटका नसतो. त्या जड चापाचा लांब प्रवास हाच त्यांचा एकमेव उंबरठा असतो. म्हणजे हलके, आखूड, पटकन निघणारे आणि सहज सुटणारे असे जे चार गुण तो मोजून घेतो, ते चारही मिळून एकच काम करतात: मनात आलेले आणि हातून घडलेले यांतली जागा कमी करतात.

शास्त्राचा शब्द इथे लागतो. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसता प्राणघात धरला नाही. प्रमादाच्या योगाने झालेला प्राणघात धरला. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आणि क्रोध-लोभ-भयाच्या अंमलाखाली गेलेले मनही. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात आणखी पुढे जाऊन रागादी विकारांचा उदय हीच हिंसा ठरवली. मग समोरचा मरो वा वाचो. याच परंपरेने गृहस्थासाठी वाट मात्र मोकळी ठेवली आहे. विशेषतः दिगंबर ग्रंथकारांच्या मांडणीत हिंसेचे चार प्रकार येतात: ठरवून केलेली संकल्पी, चूल-घर चालवताना होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी आणि आक्रमण परतवताना होणारी विरोधी. श्रावकाने पहिली पूर्णपणे सोडायची; उरलेल्या तीन त्याला सर्वस्वी सुटत नाहीत, शक्य तितक्या कमी करायच्या. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने बोलणारा इथेच थांबतो आणि म्हणतो, झाले की! दरोडेखोर अपराधी आहे, माझी हिंसा विरोधी आहे, व्रताला धक्का नाही.

थांबण्याची ही जागा चुकीची आहे. विरोधी हिंसेची सूट घावाला आहे, म्हणजे अंगावर आलेल्याला परतवण्याच्या क्षणाला. रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याच्या आयुष्यात तो क्षण बहुधा कधीच येत नाही. येतात ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, भरलेले शस्त्र घेऊन माणसांत वावरण्याचे. या दिवसांचा हिशेब एका वेगळ्या व्रताखाली होतो. श्रावकाच्या बारा व्रतांतले आठवे अनर्थदंडविरमण: गरजेवाचून घडणाऱ्या, टाळता येण्याजोग्या हिंसेपासून दूर राहणे. त्याचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला पडणाऱ्या चिरा, उपासकदशा या आगमात सांगितले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे नाव आहे संयुक्ताधिकरण. अधिकरण म्हणजे ज्याने हिंसा घडू शकते ते साधन; संयुक्त म्हणजे जोडून, वापराला सज्ज करून ठेवलेले. टीकाकारांनी दिलेली उदाहरणे अगदी घरातली आहेत: उखळाबरोबर मुसळ, नांगराला फाळ, गाडीला जू, धनुष्याला बाण. वस्तू सुट्या असल्या तर दोष नाही. जोडलेल्या दिसल्या की कोणीही आला, उचलले आणि वापरले. स्वतःच्याही हाताला मधे थांबावे लागत नाही. उखळ-मुसळाला जो नियम लागतो, तो सहाही घरांत काडतुसे भरलेल्या चक्राला लागत नाही असे म्हणायला मला तरी वाट दिसत नाही. कमरेवरचे भरलेले रिव्हॉल्व्हर ही त्या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या आहे की ती मुद्दाम त्याच्यासाठी लिहिल्यासारखी वाटते.

यावर सुज्ञ माणूस म्हणेल की दोष शस्त्रात नाही, बेसावधपणात आहे. मी रीतसर प्रशिक्षण घेईन, सराव करीन, शांत डोक्याचा राहीन. प्रशिक्षण तर २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी आवश्यकच केले आहे. पण इथे एक पेच पडतो आणि तो मला सुटणारा वाटत नाही. लपवलेले शस्त्र दोन सेकंदांत काढून नेमके चालवायचे तर हाताला आणि मनाला सवय हवी. ती सवय म्हणजे काय? समोरून माणूस आला, हात कमरेकडे गेला, छातीवर नेम धरला, हे दृश्य मनात शेकडो वेळा घडवून पाहणे. दुसऱ्याच्या वधाचे असे मनन करण्याला याच आठव्या व्रतात नाव आहे: अपध्यान, अनर्थदंडाच्या चार प्रकारांतला पहिला. आणि ही तालीम केली नाही, तर भरलेले शस्त्र बिनसरावाच्या हातात राहते. तो दुसरा प्रकार, प्रमादाचरण. सराव करणारा एकात सापडतो, न करणारा दुसऱ्यात. सैनिकाची आणि पोलिसाची यातून काही अंशी सुटका होते, कारण त्यांची तालीम पदाशी आणि हुकमाशी बांधलेली असते व पाळी संपली की शस्त्र जमा होते. पेढीवरच्या माणसाला हुकूम देणारा कोणी नाही. त्याचा भीतीचा अंदाज हाच त्याचा हुकूम.

आता जागा पाहा. श्रावकाचे पहिले व्रत निरपराध त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जीवाला जाणूनबुजून न मारण्याचे आहे. अपराध्याची सवलत खरी असली तरी गोळीला अपराधी ओळखता येत नाही. यार्डात सायंकाळी एखाद्याने बॅगेला हात घातला, तर त्याच्या मागे कोण उभे असते? पाठीवर पोते घेतलेला हमाल, ज्याची मान ओझ्याखाली वाकलेली असते आणि ज्याला समोरचे काही दिसत नाही. कांदा-बटाटा निवडणाऱ्या बाया. चहाची किटली घेऊन धावणारा पोऱ्या. आखूड नळी, उसळणारा हात, घाबरलेला माणूस आणि चुकलेली गोळी यांचा हिशेब त्यांच्या अंगावर निघणार. कायदा इथे आश्चर्यकारक उदार आहे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम १०६, जे जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेचे कलम ४४ म्हणून लागू आहे, त्यात दाखला दिलेला आहे: जीव घ्यायला आलेल्या जमावात लहान मुले मिसळलेली असतील आणि त्यांना धोका झाल्याशिवाय गोळी झाडताच येत नसेल, तर त्या गोळीने मूल जखमी झाले तरी झाडणारा गुन्हेगार नाही. कायद्याचे हे म्हणणे त्याच्या जागी बरोबर असेल. शिक्षा कोणाला द्यायची एवढेच त्याला ठरवायचे असते. पण ज्या मुलाला गोळी लागली ते व्रताच्या हिशेबात निरपराधच राहते, आणि तुरुंगातून सुटण्याला कर्मबंधातून सुटणे समजण्याची चूक व्यापाऱ्याने तरी करू नये. दोन वह्या वेगळ्या असतात हे त्याच्याइतके कोणाला कळते?

कायद्याची आणखी एक गंमत इथेच नोंदवतो. हातशस्त्र सार्वजनिक जागी न्यायचे तर ते होल्स्टरसारख्या वेष्टनात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे, असे २०१६ चे नियम सांगतात. ते उगाच मिरवणे, रोखणे हा परवान्याचा भंग. नियम शहाणपणाचा आहे. पण त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा सगळ्यांत आवडता युक्तिवाद कोसळतो, तो म्हणजे ‘वापरायचे नाहीच, नुसती जरब बसते’. जरब दिसणाऱ्या गोष्टीची बसते. पेढीच्या दारातल्या बंदूकधारी रखवालदाराची बसते, कॅमेऱ्याची बसते, अगदी कुत्र्याचीही बसते. न दिसणारी वस्तू कोणाला अडवत नाही. तिचा उपयोग अडवणे फसल्यानंतरच सुरू होतो. अमेरिकेत असा दावा करतात की कोणाकडे शस्त्र आहे हे चोराला कळत नसल्यामुळे तो सगळ्यांनाच भितो. तिथे तो खरा की खोटा यावर अभ्यासकांचे भांडण चालू आहे. जिथे परवाना हजारांत एखाद्याकडे, तिथे चोर हा हिशेब मांडतच नाही.

आक्षेपांतला सर्वांत भारी आक्षेप गांधीजींच्या नावाने येतो, आणि तो यायलाच हवा. ऑगस्ट १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी स्पष्ट लिहिले होते की भ्याडपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय उरले, तर ते हिंसेचा सल्ला देतील. १८७८ च्या शस्त्र कायद्यावरही त्यांचा राग होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, आणि डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो हक्क मागितला तेव्हा ती दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे शस्त्राचा मुद्दा आपल्याकडे नुसत्या दहशतीचा नाही, स्वाभिमानाचाही आहे. हे सगळे मान्य. पण गांधीजींच्या वाक्यातली अट पाहावी: दोनच पर्याय उरले तर. रोकडीची बॅग सोडून देणे भ्याडपणा आहे का? बायकामुलांवर हात टाकणाऱ्यापुढे मागे सरणे आणि पैशाच्या बॅगेवर पाणी सोडणे यांत अंतर आहे, आणि हे अंतर पुसून टाकणे हीच रिव्हॉल्व्हरची लालूच असते. जिवाची भीती पुढे करून आपण बहुतेकदा परिग्रहाचे रक्षण करत असतो. पाचवे व्रत परिग्रहाला मर्यादा घालण्याचे आहे, हा योगायोग नव्हे. ज्यांनी ही यादी केली त्यांना माल आणि मार यांचे नाते ठाऊक होते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायथ्याचा मराठी लेख आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तलवार चालवणारा श्रावक होऊ शकतो तर पेढीवाल्यानेच काय पाप केले? चामुंडरायाची तलवार उघडी होती, राज्याची होती, आणि रणांगणावर समोर कोण उभे आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्याने कोणाची मूर्ती उभारली? भरताशी द्वंद्वात जिंकत आलेल्या आणि तिथेच थांबलेल्या भावाची. श्वेतांबर कथेत बाहुबलीची मूठ भरतावर उगारली जाते, विचार पालटतो, आणि वीराची उगारलेली मूठ रिकामी जाऊ नये म्हणून तो तिने स्वतःचे केस उपटून दीक्षा घेतो. सगळी कथा त्या उगारलेल्या मुठीच्या प्रवासात आहे. मूठ परत घेता येते, काठी हवेत थांबवता येते. तुकोबांनी विष्णुदासांच्या कठीणपणाचा जो अभंग लिहिला आहे तो शस्त्राच्या समर्थनार्थ नेहमी ऐकवला जातो. पण तुकोबांच्या हातात काठी आहे. काठी दिसते, मारणाऱ्याला जवळ जावे लागते, आणि तिचा दुसरा फटका पहिल्यानंतर आवरता येतो. सुटलेल्या गोळीला यातले काहीच नाही.

एक आक्षेप खास भुसार बाजाराचा, कोणी तो उघड बोलत नाही. गोदामात धान्याला कीड लागली की ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात; त्यांनी लाखो जीव मरतात. हे चालते तर रिव्हॉल्व्हर का नाही? प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘कीड लहान, माणूस मोठा’ असे देऊन परंपरेची सुटका होणार नाही. उद्योगी हिंसा हा दोषच आहे. शास्त्र तो झाकत नाही, म्हणून तर पंधरा कर्मादानांची, म्हणजे वर्ज्य धंद्यांची, यादी केली, आणि त्यांतल्या विषवाणिज्यात हेमचंद्राचार्यांनी शस्त्रेही धरली. एका खात्यात कर्ज आहे म्हणून दुसऱ्या खात्यात काढायचे, असा हिशेब यार्डातली कोणतीही पेढी मान्य करणार नाही.

मग घाबरलेल्या माणसाने करावे काय? जिथे धमकी नेमकी आहे, कोण मारणार हे ठाऊक आहे आणि पोलिसांत गेलेले आहे, तिथल्या माणसाला मी उपदेश करणार नाही. त्याची परिस्थिती खरोखर विरोधी हिंसेच्या दारात उभी आहे. एवढे मात्र सांगेन की त्यानेही सर्वांत हलके आणि सर्वांत आखूड घेऊ नये. जड, लांब नळीचे, ताठ चापाचे घ्यावे. लपवायला गैरसोयीचे असले तर उत्तम, कारण ती गैरसोय रोज विचारेल, आज खरेच हवे आहे का? बाकीच्यांची भीती रोकडीमागे चालते, आणि रोकड कमी करता येते. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. तो नियम मनापासून पाळला तरी अर्ध्या बॅगा रिकाम्या होतील. वसुलीला एकट्याने जाऊ नये, वेळ आणि वाट बदलावी, रक्कम वाटून न्यावी. यात शौर्य दिसत नाही खरे. आणि ज्याच्याकडे शस्त्र आधीपासूनच आहे, त्याने ते पेढीच्या तिजोरीत आणि काडतुसे घरच्या कपाटात ठेवावीत. उखळ एकीकडे, मुसळ एकीकडे.

शस्त्राच्या परवान्याचे नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी होते. श्वेतांबर श्रावकाचे प्रतिक्रमण, म्हणजे दोषांची कबुली, अगदी आळशी माणसाचेही वर्षातून एकदा, संवत्सरीला होतेच, आणि त्यात आठव्या व्रताच्या अतिचारांची गणती करताना अधिकरण हा शब्द नाव घेऊन येतो.